रेडीच्या खाणकामगारांचं शिल्प: कामाला हात घालण्याआधी

जागेचा सातबारा, ग्रामसभेचा ठराव, सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी ही कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. ती उरकून घ्या.

आता मुद्द्याचं. पोकळ लोखंडाच्या प्रत्येक भागाला तळाशी निचऱ्याचं भोक हवं. आधीच्या शिल्पात तेवढंच राहिलं आणि डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईचे पाय आतून कुजले. बाहेरचा रंग मात्र शाबूत. आपल्याकडे वर्षाला २,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वर खारा वारा. पाणी आत शिरतंच, त्याला बाहेर काढायची सोय करा. घमेल्यालाही भोक पाडा, नाहीतर त्यात डास होतील.

आणि ही भोकं ड्रॉइंगवरच दाखवा, ‘नंतर पाडू’ चालणार नाही. गॅल्व्हनायझिंग म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर थर चढवणं. त्या जस्ताचं तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बंद पाइप त्यात बुडवला की आतली हवा आणि ओल फुगून तो फुटतो, समोर माणूस उभा असतो. जस्त चढल्यावर ड्रिल मारलं तर तिथूनच गंज धरतो. म्हणून वर हवेचं भोक, खाली निचऱ्याचं. वेल्डरला तोंडी सांगून भागणार नाही, लिहून द्या.

खाणीचा रंग दिसेल म्हणून कोणी कोर्टेन स्टील, म्हणजे गंजाच्याच थराने स्वतःला राखणारं पोलाद, सुचवेल. नको. त्याचा संरक्षक थर धरायला ते मधूनमधून कोरडं व्हावं लागतं, समुद्राकाठी मीठ ते होऊ देत नाही. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे नकोत. जस्त आणि स्टेनलेस यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर.

वाऱ्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने घ्या. मालवणात राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला.

चौथऱ्यावर खाणीतल्या लोहखनिजाचे धोंडे ठेवायचे तर क्रेन सांगा, ते जांभ्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतात. खनिकर्म कार्यालयाला विचारल्याशिवाय एकही उचलू नका.

शिल्पाचा मातीचा नमुना झाला की जुन्या कामगारांना दाखवा, बायकांना आधी. १९७६ मध्ये खाणीत सापडलेल्या गणपतीच्या दर्शनाला माणसं लांबून येतात. ती खाण कोणी खणली, हे त्यांना इथेच कळायला हवं.

नावांची पाटी घराघरांत वाचून घ्या. उभारणी मेआधी. दिवे, कुंपण साधं. भोकं मोजा, मगच रंग.