लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर इंडक्शन: या चुका टाळा

परभणी असो की लातूर, मराठवाड्यात घरोघरी ठरलेली जोडी दिसते: ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) इन्व्हर्टर आणि त्याखाली १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्युब्युलर बॅटरी. पंखे, बल्ब, टीव्हीसाठी झकास. डीपी जळाली, सिलिंडरही संपला, म्हणून तिच्यावर १८०० वॅटची इंडक्शन शेगडी चढवली की बॅटरीवाल्याला शिव्या सुरू होतात. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे व्हीएलाच वॅट समजणं. ९०० व्हीएमधून साधारण ७०० ते ७५० वॅट निघतात. यावर हुशार मंडळींचं उत्तर तयार असतं, "आम्ही इंडक्शन ३०० वॅटवरच ठेवतो!" इथंच फसगत होते. स्वस्तातल्या बऱ्याच शेगड्या ३०० वर ठेवल्या तरी सलग ३०० ओढत नाहीत. काही सेकंद हजाराच्या आसपास ओढतात, काही सेकंद बंद राहतात, आणि सरासरी ३०० भरते. भांड्याला सरासरी चालते, इन्व्हर्टरला नाही. त्याला पहिल्याच झटक्याला हजार दिसतात आणि तो बझर वाजवून बंद पडतो. तुमची शेगडी कोणत्या जातीची आहे ते लाइट असतानाच बघून घ्या. पाणी उकळवा, मग सगळ्यात कमी वॅटवर आणा. उकळी येते-थांबते, येते-थांबते असं दिसलं तर ती शेगडी छोट्या इन्व्हर्टरला लावायचीच नाही. रिसेटचं बटण दाबत बसणाऱ्यांना एकच सांगणं: तिसऱ्या-चौथ्या वेळेला मॉस्फेट (इन्व्हर्टरमधले करंट चालू-बंद करणारे भाग) उडू शकतात, आणि ते बिल अंगावर येतं.

दुसरी चूक जास्त छळते, कारण तिच्यात नव्या बॅटरीचा बळी जातो. इन्व्हर्टर १५०० व्हीएचा, पण एकाच बॅटरीवर चालणारा. आम्लाचा वास नको म्हणून बॅटरी गॅलरीत जाते. सोबतची केबल पुरत नाही, म्हणून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३ मीटर लांब ओढली जाते. पंखे-दिवे महिनोन् महिने व्यवस्थित. मग एके संध्याकाळी १००० वॅटवर डाळ ठेवतात आणि दोन मिनिटांत 'लो बॅटरी'. बॅटरी बदलून आणली तरी तेच. आता हिशोब बघा. १२ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे इन्व्हर्टरची तूट धरून जवळपास १०० अँपिअर. जाऊन-येऊन ६ मीटर तारेत त्यातले ०.७ व्होल्ट खर्च होतात. एवढ्या ओढीला बॅटरी ११.३ च्या आसपास खाली बसते, इन्व्हर्टरच्या टोकाला उरतात १०.६. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ च्या जवळपास हात वर करतात. बॅटरी भरलेलीच आहे, खाल्लं तारेनं.

म्हणून लांबवायची असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, तिथं तेवढ्याच लोडला साडेचार अँपिअर वाहतात. इन्व्हर्टर बॅटरीला खेटून ठेवा. लोड चालू असताना मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टोकांवर, मग इन्व्हर्टरच्या टोकांवर लावा, ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर केबल किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बदला. लोड बंद करून लगला बोट लावा. गरम लागला तर पाना घ्या, घासून साफ करा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. वायरमन 'चालतंय की' म्हणाला तरी मीटर लावाच. त्याच्या घरची बॅटरी नसते ती.

ओट्याचा १६ अँपिअरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका. लाइट असताना शेगडीचा सगळा करंट इन्व्हर्टरच्या रिलेतून (आतल्या आपोआप बदलणाऱ्या स्विचमधून) जातो, आणि कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला लाइट गेली की तोच लोड इन्व्हर्टरच्या उरावर. पॉइंट थेट मेनवर ठेवा.

१६ अँपिअरची पिन ६ अँपिअरच्या बोर्डात बसवणारा कन्व्हर्टर: नको. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार: मुळीच नको. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर इंडक्शन: घरघर आणि एरर कोड, दुसरं काही मिळत नाही. बॅटरीत बोअरचं पाणी तर नकोच, फिल्टरचंही नको; डिस्टिल वॉटरच. मे महिन्यात पातळी दर पंधरा दिवसांनी बघावी.

इंडक्शनच हवं असेल तर निदान २ केव्हीएचा (२००० व्हीएचा) साइन वेव्ह (मेनसारखी लहर देणारा) इन्व्हर्टर, २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांवर. आणि त्यावरही शेगडी १२०० वॅटच्या वर नाही. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळायला बॅटरीतून सुमारे १२० वॅट-तास जातात, म्हणजे एका १२ व्होल्टच्या बॅटरीतले १० अँपिअर-तास. चहा परवडतो. डाळ, भात, भाजी सगळं केलं तर रात्री पंखा विसरा, कारण १५ अँपिअरचा चार्जर ते भरायला कित्येक तास घेतो. एकाच बॅटरीवाल्यांनी ३०० ते ४०० वॅटचा राइस कुकर घ्यावा. तो शिजवताना झटके देत नाही आणि खिचडी छान होते.

इंडक्शन मध्येच बंद पडलं तर भांडं लगेच उचला. आतला पंखाही थांबलेला असतो आणि गरम तळाची धग काचेखालच्या कॉइलला लागत राहते.