ओढ्यात मासे परतावेत असं वाटत असेल, तर या चुका टाळा

ओढ्याचं काम काढलं की सगळ्यात आधी यंत्र येतं. गाळ उपसला जातो, पात्र रुंद होतं, काठ तासून एका रेषेत आणले जातात. दोन पावसाळ्यांनंतर मात्र काठ पुन्हा ढासळलेले असतात, लावलेली रोपं वाळलेली असतात आणि पाण्यात चिमूटभर लहान माशांशिवाय काही दिसत नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा ओढ्यातच हात घातला जातो. खरं दुखणं बहुतेक वेळा वर पाणलोटात असतं, नाहीतर खालच्या एखाद्या मोरीपाशी. ओढ्यात आपल्याला दिसतं ते लक्षण.

काठ ढासळतोय म्हणून काठालाच दगड लावणे

आधी बघायचं ते हे की ढासळतंय नेमकं कुठे. फक्त वळणाच्या बाहेरच्या अंगाला माती सुटत असेल आणि समोर आतल्या अंगाला वाळू-खडे साठत असतील, तर ओढा आपली नेहमीची हालचाल करतोय. तिथे घर, रस्ता किंवा पूल धोक्यात नसेल तर हात लावू नका. अशाच उभ्या मातीच्या कड्यात खंड्या बीळ करून अंडी घालतो आणि वेडा राघूही तिथेच घरटं करतो. काठ तासून सपाट उतार केला, की त्यांची जागा गेली.

दोन्ही काठ लांबच लांब ढासळत असतील, झाडांची मुळं हवेत लोंबत असतील आणि पूर आला तरी पाणी आता काठाबाहेर पसरत नसेल, तर ओढ्याचा तळच खाली चाललाय. मग खालून वर चालत जा. तळात कुठेतरी उतार पायरीसारखा अचानक तुटलेला सापडेल. ही पायरी प्रत्येक पुरात थोडी थोडी वर सरकते आणि मागे खोल घळ सोडून जाते. कारण बहुतेकदा दोहोंपैकी एक असतं: खाली कुणीतरी वाळू उपसली किंवा पात्र सरळ केलं, नाहीतर वरच्या अंगाला जमीन उघडी पडली, डांबर-काँक्रीट वाढलं आणि पाणी पूर्वीपेक्षा वेगाने यायला लागलं. दोन्ही बाबतीत काठावरचं दगडी अस्तर निरुपयोगी ठरतं, कारण तळ खाली गेला की त्या अस्तराचा पायाच निसटतो. आधी ती पायरी अडवायची. दगड किंवा लाकूड बसवून तिचा उतार लांबवायचा, पण तो इतका सौम्य की मासा त्यावरून वर जाऊ शकेल. त्याच वेळी वर पाणी मुरवण्याचं काम सुरू करायचं. माथा ते पायथा हे सूत्र मृदसंधारणात सगळ्यांना पाठ असतं, पण माशांचा विषय निघाला की लोक थेट पायथ्याशी जाऊन बसतात.

पात्र सरळ, खोल आणि एकसारखं करणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. माशाला ओढ्यात चार वेगवेगळ्या जागा लागतात: कोरड्या दिवसांत टिकून राहायला खोल डोह, प्राणवायू आणि किडे मिळवायला उथळ खळाळ, अंडी घालायला खडे, आणि पूर आला की आडोसा घ्यायला बाजूचा संथ फाटा किंवा पाणथळ. एकसारख्या खोदलेल्या चरात यांपैकी एकही उरत नाही.

फ्लोरिडातली किसिमी नदी ओढ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, पण तिची गोष्ट प्रत्येक ओढ्याला लागू पडते. पूरनियंत्रणासाठी 1962 ते 1971 या काळात सुमारे 166 किलोमीटरची ही नागमोडी नदी 90 किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबण्यात आली. काठची पाणथळ जमीन कोरडी पडली आणि तिथल्या पाणपक्ष्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक निघून गेले. कालव्याचा सुमारे 35 किलोमीटरचा भाग पुन्हा बुजवून पाणी जुन्या वळणांत सोडायचं काम 1999 मध्ये सुरू झालं आणि 2021 मध्ये पुरं झालं. खोदायला नऊ वर्षं लागली होती.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. कॅलिफोर्नियातल्या उवास क्रीकवर नोव्हेंबर 1995 मध्ये कागदावर छान दिसणारी एकसारखी वळणं खोदून नवं पात्र तयार केलं गेलं. फेब्रुवारी 1996 च्या पुरात ते वाहून गेलं. वळणांचा आकार ठरवताना तो ओढा मुळात किती खडी आणतो आणि त्याचे पूर किती चंचल असतात, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. ओढ्याला जागा द्यावी आणि वळणं त्याची त्याला ठरवू द्यावीत. जिथे जागा आहे तिथे हाच मार्ग मला सर्वांत सुरक्षित वाटतो आणि तो स्वस्तही पडतो. जागा नसेल तेव्हाच पात्र घडवायचं, आणि तेही वरून येणारं पाणी आणि गाळ मोजून.

पडलेली झाडं 'कचरा' म्हणून उचलून टाकणे

अमेरिकेच्या वायव्य भागात विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशकं ओढ्यांतले ओंडके पद्धतशीरपणे बाहेर काढले गेले. समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला येणाऱ्या सामन माशांची वाट अडते, अशी त्या वेळची समजूत होती. नंतर कळलं की तेच ओंडके डोह कोरत होते, खडे अडवून धरत होते आणि पिल्लांना लपायला जागा देत होते. आता त्याच भागात हेलिकॉप्टरने लाकूड आणून ओढ्यांत ठेवलं जातं.

पुलाच्या किंवा मोरीच्या तोंडाशी अडकलेलं लाकूड काढायलाच हवं. बाकीचं राहू द्या. ओढ्याचा तळ खोल गेला असेल तर लाकडी खुंट आणि फांद्या विणून केलेले, पाणी झिरपू देणारे छोटे बांध उपयोगी पडतात. ही रीत बीव्हरच्या, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणाऱ्या प्राण्याच्या, बांधांवरून घेतलेली आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या ब्रिज क्रीकवर असे बांध घातल्यावर बीव्हरांनी ते पुढे वाढवले, भूजल वर आलं आणि स्टीलहेड माशांच्या पिल्लांची संख्या आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही वाढलं. तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. हे बांध मोडणार, हे मात्र आधीच धरून चाला. ते तात्पुरतेच असतात आणि पुरानंतर त्यांची डागडुजी करावी लागते. त्यांच्या जागी काँक्रीटचा बंधारा घालायचा मोह आवरा, कारण पक्का बंधारा माशाला वर जाऊ देत नाही.

मोरीकडे लक्षच न जाणे

वर सगळं छान केलं, तरी खाली रस्त्याखालची एक पाइप मोरी पूर्ण काम वाया घालवू शकते. दरवर्षी पाइपातून जोरात सुटणारं पाणी खालचा तळ कोरत जातं आणि काही वर्षांत पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर लटकतं. वीतभर उंचीसुद्धा बोटभर माशाला भिंतीसारखी असते. उंची नसली तरी पाइपात पाणी फार वेगाने वाहतं किंवा कोरड्या दिवसांत त्याचा थर इतका पातळ होतो की माशाचं अंग बुडत नाही.

तपासायला सोपं आहे. पाणी कमी असताना मोरीच्या खालच्या तोंडाशी उभे राहा आणि तीन गोष्टी बघा: पाणी पडतंय की सरळ वाहतंय, पाइपाच्या तळाला ओढ्यासारखेच खडे आहेत का, आणि ओढा काठोकाठ भरून वाहतो तेव्हा त्याची जेवढी रुंदी असते, त्यापेक्षा मोरी अरुंद आहे का. तिन्ही उत्तरं वाईट असतील तर पहिला खर्च इथेच करा. बदलताना मोरी काठोकाठच्या पात्रापेक्षा रुंद घ्या, तिचा तळ जमिनीत पुरा आणि आत नैसर्गिक खडी भरा. कोणत्या मोरीपासून सुरुवात करायची, हे तिच्या वर किती चांगलं पाणी मोकळं होईल यावर ठरवावं. खालून पहिली अडवणूक तशीच ठेवून वरची काढण्यात अर्थ नाही.

खडे दिसतात म्हणून समाधान मानणे

मुठीएवढा एक दगड तळातून उचला. त्याच्या अंगावर एक पुसटशी रेषा दिसेल. त्या रेषेखालचा भाग मातीत रुतलेला होता. निम्म्याहून जास्त दगड रुतलेला असेल, तर फटी बारीक गाळाने बुजल्या आहेत. खड्यांत अंडी घालणाऱ्या माशांसाठी ही वाईट बातमी. त्यांच्या अंड्यांना खड्यांमधून झिरपणारं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं, आणि गाळ बसला की ती तिथेच गुदमरतात. दगड उलटून खालची बाजूही बघा. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या दिसल्या तर पाणी बऱ्यापैकी आहे. नुसते लाल गांडुळासारखे किडे असतील तर शंका घ्या.

गाळ यंत्राने उपसून हे सुटत नाही, कारण पुढच्या पावसात तो परत येतो. स्रोत शोधा. बहुतेकदा तो कच्चा रस्ता असतो, ज्याच्या कडेची चर थेट ओढ्यात उतरते. ती चर ओढ्यापासून आधीच फोडून गवताळ जमिनीत सोडली, तर एका दिवसाच्या कामात मोठा फरक पडतो.

पाणी नितळ आहे, म्हणजे ठीक आहे

मासे पहाटे मरत असतील तर दुपारी पाणी तपासून काही कळणार नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो खातं, त्यामुळे सगळ्यात कमी प्राणवायू सूर्योदयाच्या आधी असतो. माप तेव्हाच घ्या. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली आकडा जात असेल तर बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. थंड पाण्यातल्या माशांना त्याहून जास्त लागतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू मावतोच कमी: समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सियसला लिटरमध्ये सुमारे 11.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. म्हणून सावली आणि खतांचं पाणी अडवणं, ही दोन्ही कामं एकमेकांशी बांधलेली आहेत.

शहरी ओढ्यांचं दुखणं यापेक्षा अवघड. अमेरिकेतल्या सिएटल परिसरात ओढे सुधारल्यावर कोहो जातीचे सामन परत आले, आणि पाऊस पडल्यावर अंडी घालण्याआधीच तडफडून मेले. लाँगफेलो क्रीक त्यांपैकी एक. डोह होते, खडे होते, लाकूड होतं, तरीही. कारण सापडायला दोन दशकं लागली. टायर लवकर फाटू नयेत म्हणून रबरात मिसळलेलं एक रसायन ओझोनशी संयोग पावून विषारी होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं, हे 2020 मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याच पाण्यात चम जातीचे सामन मात्र तग धरतात, म्हणजे एक जात जगली म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. दिलासा एवढाच की रस्त्यावरचं हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून दिल्यावर कोहो जगले. रस्त्याचं पाणी ओढ्यात थेट सोडणारे पाइप शोधून ते मातीच्या खड्ड्यांकडे वळवणं, हे शहरातलं पहिलं काम आहे. डोह कोरणं त्यानंतर.

रोपं लावली आणि काम झालं

ती मरतात त्याची कारणं ठरलेली आहेत: गुरं, तण, आणि मुळांपासून खूप खाली गेलेलं पाणी. तळ खोल गेलेल्या ओढ्याच्या काठावर रोप लावून ते पाण्यापर्यंत पोचेल अशी आशा धरू नका. वाळुंजाच्या कुळातल्या झाडांच्या लांब फांद्या कोरड्या हंगामातल्या ओलीपर्यंत खोचल्या तर लागतात. गुरांसाठी कुंपण करताना त्यांच्या पाण्याची सोय ओढ्यापासून दूर आधी करा. नाहीतर कुंपण महिनाभरही टिकणार नाही, आणि त्यात गुराख्याचा दोष नसेल. एकाच जातीची रांग लावू नका. उंच झाड, झुडूप आणि गवत असे तिन्ही थर हवेत, आणि तेही त्याच खोऱ्यातले.

मासे आणून सोडणे

जागा सुधारली आणि वाट मोकळी झाली की जवळचे मासे स्वतः येतात. बाहेरून आणून सोडू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून जगभर सोडलेला गॅम्बुसिया मासा स्थानिक माशांची अंडी, पिल्लं आणि बेडकांची पोरं खातो. तो आणि मोझांबिक तिलापिया दोघंही जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत आहेत.

आधीची नोंद न ठेवणे

अमेरिकेतल्या 37,000 हून अधिक नदी-ओढे प्रकल्पांच्या नोंदींचा आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जेमतेम दहा टक्क्यांत कसलीही तपासणी केल्याचा उल्लेख होता. बाकीच्या ठिकाणी काम उपयोगी पडलं का, हे सांगायला कुणाकडे काहीच नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष नोंदी घ्या: ठरलेल्या जागांवरून त्याच कोनातून फोटो, तळाची आडवी मापं, पहाटेचा प्राणवायू, पाण्याचं तापमान, दगडांखालचे किडे, माशांच्या जाती. हेच सगळं शेजारच्या हात न लावलेल्या एखाद्या ओढ्यावरही घ्या. चांगला पाऊस झाला म्हणून मासे वाढले की तुमच्या कामामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. या नोंदींचे आणि पुढच्या पाच वर्षांच्या डागडुजीचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा, आणि पहिल्या मोठ्या पुरानंतर यंत्र बोलावण्याआधी पूर्ण ओढा पायी फिरून बघा. काय मोडलं आणि काय ओढ्याने नुसतं हलवलं, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.