गुडघा बदलल्यावर उशी कुठे ठेवायची?
गुडघेबदलाच्या ऑपरेशननंतर घरचे सगळे गुडघा किती वाकतो तेच विचारतात. आधी तो पूर्ण सरळ व्हायला हवा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं खरं, पण सांधा तसाच अर्धवट वाकलेला आखडतो आणि मग चालताना लंगडावं लागतं. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3-4 दा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या, दुखणं सोसत बसू नका. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर चोळू नका, आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर तडक रुग्णालय गाठा.