नागपूरच्या बारमध्ये बाहेरगावाहून आलेल्यांनी घ्यायची काळजी

बाहेरगावाहून नागपुरात आलेल्या माणसाचा बारमधला वाद बहुतेक वेळा बिल हाती आल्यावर सुरू होतो, पण त्याचे मूळ पहिल्या ऑर्डरमध्येच असते. म्हणून सदर, धरमपेठ किंवा वर्धा मार्गावरच्या बारमध्ये बसताच छापील मेन्यू मागावा आणि वेटरने तोंडी सांगितलेल्या दरावर विसंबू नये. मेन्यूतला दर ३० मिलीलिटरच्या स्मॉल पेगचा आहे की ६० मिलीलिटरच्या लार्जचा, हे विचारून घ्यावे आणि पेग टेबलाशीच मापाने ओतायला सांगावे. ‘भाऊ, माप इथेच घ्या,’ एवढे आपुलकीने म्हटले तर कोणाला राग येत नाही.

वेटरने वयाचा पुरावा मागितल्यास तो अपमान समजू नये, कारण महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षे वय पूर्ण असावे लागते.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा शहरातली हॉटेले भरून जातात आणि एकेका वेटरवर अनेक टेबलांचा भार पडतो, त्यामुळे किती पेग आणि कोणता चखणा मागवला, याची नोंद आपणही ठेवावी. अशाच एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाच्या बिलात एक पेग जास्त लागला होता आणि खाली १० टक्के सेवाशुल्कही जोडले होते. त्याने आवाज चढवला, तसा वेटरही अडून बसला. मी व्यवस्थापकांना बाजूला बोलावून आमची नोंद दाखवली, तेव्हा त्यांनी दोन्ही रकमा लगेच कमी केल्या. दिवसभर राबलेल्या वेटरवर ओरडणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही, कारण सेवाशुल्क लावायचे की नाही, हे तो ठरवत नाही.

कर मात्र द्यावाच लागतो. खाद्यपदार्थांवर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून भांडण्यातही अर्थ नाही, कारण बसून खाण्यापिण्याच्या ठिकाणी तसे करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे. सेवाशुल्काचे तसे नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात जोडता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या.

ते काढण्यास नकार मिळाल्यास बिलाचे छायाचित्र घ्यावे, वाद न वाढवता पैसे भरून पक्की पावती घ्यावी आणि आपल्या गावी परतल्यावरही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यासाठी पुन्हा नागपूरला येण्याची गरज नाही.