एएस की इंड एएस? नव्या आर्टिकल्ससाठी थोडं

आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणाला) लागलेली मुलं आधी स्टँडर्डचे, म्हणजे हिशेब कसे मांडायचे या नियमांचे, नंबर पाठ करायला बसतात. करा, परीक्षेला लागतंच. पण फाइल हातात आली की मी आधी विचारते: ही कंपनी आहे का? असेल तर हिला एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड्स) लागू की इंड एएस (इंडियन अकाउंटिंग स्टँडर्ड्स)?

आपल्याकडे दोन्ही संच एकाच वेळी चालू आहेत. एएस हे आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्डाचं काम. बोर्ड १९७७ सालचं. इंड एएस २०१५ च्या नियमांनी आले, लंडनच्या आयएएसबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या आयएफआरएस या स्टँडर्डवर बेतलेले. १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी आणि वर नेटवर्थ असलेल्या कंपन्या त्यात आल्या. वर्षभराने लिस्टेड कंपन्या (एसएमई एक्स्चेंजवरच्या, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांच्या शेअर बाजारातल्या, सोडून) आणि २५० कोटींपासून पुढच्या अनलिस्टेड. बँकांचं मात्र रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकलं.

आणि सहकारी साखर कारखाना, ट्रस्ट, भागीदारी फर्म? त्या कंपन्याच नाहीत, त्यामुळे कंपनी कायद्याखालचे नियम तिथे लावू नका. तिथे आयसीएआयने स्वतः काढलेले एएस बघायचे. तालुक्याच्या गावी आर्टिकलशिप करत असाल तर रोजचं काम बहुधा हेच.

स्टँडर्ड तयार कसं होतं हे कोणी शिकवत बसत नाही, पण कामाला येतं. बोर्ड मसुदा तयार करतं, तो एक्स्पोजर ड्राफ्ट म्हणून हरकती-सूचनांसाठी खुला होतो, मग आयसीएआयच्या कौन्सिलची मंजुरी. कंपन्यांसाठी पुढे आणखी दोन पायऱ्या: एनएफआरए (नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटी, ही २०१८ पासून आहे) आपली शिफारस देते आणि कंपनी कायद्याच्या कलम १३३ खाली केंद्र सरकार अधिसूचना काढतं. राजपत्रात येईपर्यंत कंपनीवर बंधन नाही. इंड एएस ११५ घ्या, म्हणजे ग्राहकांशी केलेल्या करारांतल्या उत्पन्नाचं स्टँडर्ड. २०१५ च्या नियमांत ते होतं. मार्च २०१६ मध्ये, लागू व्हायच्या तोंडावर, ते काढून इंड एएस ११ (बांधकाम करार) आणि १८ (उत्पन्न) आणले. मग १ एप्रिल २०१८ पासून पुन्हा ११५. सीनियरच्या नोट्स घेताना त्यावरचं साल बघा म्हणते ते एवढ्यासाठी.

नंबरांची खुबी सोपी आहे. आयएएस (आयएफआरएसच्या आधीची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्स) १६ चं इंड एएस १६. आयएफआरएस असेल तर शंभर मिळवा, १५ चं ११५. पण नंबर जुळला म्हणून मजकूर शब्दशः तोच असेल असं धरू नका. भाड्याने दिलेली इमारत (इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी) आयएएस ४० प्रमाणे फेअर व्हॅल्यूला (साधारण आजच्या बाजारभावाला) दाखवता येते, फरक नफा-तोट्यात जातो. आपल्या इंड एएस ४० मध्ये ती वाट बंद: ताळेबंदात कॉस्ट मॉडेलच (मूळ किमतीवरून मांडणी), फेअर व्हॅल्यू फक्त टिपांमध्ये सांगायची. परदेशी लेक्चर बघून आलेली मुलं हमखास इथे अडकतात.

असे फरक स्टँडर्डच्या शेवटी एका परिशिष्टात दिलेले असतात. 'हे परिशिष्ट स्टँडर्डचा भाग नाही' अशी टीप वर असते, म्हणून सगळे ते सोडून देतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. दीड-दोन पानांत आपण कुठे वेगळे आहोत ते कळतं, आणि मूळ मजकूर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहे, गाइडची गरज नाही.