दोन मेडिक्लेम असतील तर बिल कुणाकडं लावायचं?

पोरगं पुण्यात आयटीत, त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडलांची नावं, आणि वडलांची स्वतःची पॉलिसी वेगळी. कोल्हापुरात असली घरं लई आहेत आणि ॲडमिशनच्या टायमाला तिथंच घोळ होतो.

पहिली कुठली वापरायची हे तुम्ही ठरवायचं, हॉस्पिटलनं नाही. माझं मत विचाराल तर ग्रुपवाली पुढं करा, तिच्यात बहुतेक वेळा बीपी-शुगरसारख्या जुन्या दुखण्याला वेटिंग, म्हणजे क्लेमसाठी काही वर्षं थांबणं, नसतं आणि स्वतःच्या पॉलिसीचा बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारा फायदा) शाबूत राहतो. फक्त नेटवर्क, म्हणजे त्या पॉलिसीवर कॅशलेस चालणाऱ्या हॉस्पिटलांची यादी, बघा, पुण्यात चालतंय म्हणून राजारामपुरीतल्या हॉस्पिटलात चालेलच असं नाही.

हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम बघणाऱ्या काउंटरवर, दोन्ही कार्डं दाखवा, आणि दुसऱ्या कंपनीला पण त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घेऊन ठेवा, नंतर "उशिरा कळवलं" हे ऐकायला नको.

आता समजा बिल झालं ४,२०,०००. ग्लोव्हज, मास्क असलं न मिळणारं १५,००० गेलं, राहिले ४,०५,०००. ग्रुपचं कव्हर ३ लाख, ते कॅशलेस. उरलेले १,०५,००० दुसरीकडनं. २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सर्क्युलरप्रमाणं बाकीच्या पैशासाठी पहिल्या कंपनीनंच दुसरीशी बोलायचं आहे, पण त्या भरवशावर बसू नका राव. कागद आपल्या हातात पाहिजेत.

कारण ओरिजिनल बिलं पहिलीकडं जातात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच, पेशंट गाडीत बसवायच्या आधी, फायनल बिलाचा ब्रेकअप, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट, मेडिकलची बिलं सगळ्याच्या झेरॉक्सवर हॉस्पिटलचा शिक्का आणि सही घ्या, आणि तुम्ही खिशातनं भरलेल्या पैशाची पावती मात्र ओरिजिनलच ठेवा. पुढं पहिलीचं सेटलमेंट लेटर मागवा, किती दिले आणि काय कशासाठी कापलं ते त्यात असतं. ते नसलं की दुसरीकडं फाईल अडकलीच म्हणून समजा.

त्या लेटरमधली कापाकापी नीट वाचा. लिमिटपेक्षा भारी रूम घेतली की नुसतं भाडं नाही, डॉक्टरची फी, ओटी चार्जेस पण त्याच प्रमाणात कापतात. दुसऱ्या पॉलिसीत रूमचं लिमिट नसेल तर हे कापलेले पैसे तिथं मागता येतात, पहिलीचं कव्हर संपलेलं नसलं तरी. बरीच माणसं हे मागतच नाहीत!

हॉस्पिटल कॅश किंवा क्रिटिकल इलनेसची पॉलिसी असेल तर ती या हिशोबात धरूच नका, तिची ठरलेली रक्कम वेगळी मिळते, तिचा फॉर्म वेगळा भरा.