ग्लूटेनमुक्त खाणं, खिशाला झेपेल असं

सिलिअ‍ॅक (गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांचा खर्च वाढतो तो मुख्यतः तयार ग्लूटेनमुक्त ब्रेड-बिस्किटांमुळे. ती क्वचितच घ्या. रोजचं जेवण तांदूळ, बटाटे, डाळी, अंडी, भाज्या यांवर बेता. यांत मुळातच ग्लूटेन नसतं. पीठ मात्र सुटं घेऊ नका: त्याच चक्कीत गहू दळला असेल तर तेही बाधतं. सीलबंद पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलेलं हवं, म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही. नुसतं ‘गहूमुक्त’ पुरेसं नाही, त्यात जव असू शकतात. सोया सॉस (त्यात बहुधा गहू असतो) आणि माल्ट (तो बहुधा जवाचा असतो) तर हमखास फसवतात. ब्रेड घरी करायचा असेल तर अर्धा किलो ग्लूटेनमुक्त पिठाला साधारण 20 ग्रॅम इसबगोल घाला, नाहीतर कापताना भुगा होतो. टोस्टर वेगळाच ठेवा. जुन्या टोस्टरमधले चुरे निघत नाहीत.